व्हिसाची तारीख शिल्लक, पण राहण्याचा हक्क संपलेला!
आखाती देशांतील रहिवासी परवानाधारकाने बाहेर किती दिवस राहावे?

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग किंवा मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांतून आखातात गेलेली कुटुंबे सुट्टीवर घरी येतात, तेव्हा परतीची तारीख ठरविताना बहुधा एकच गोष्ट पाहिली जाते. ती म्हणजे व्हिसा किंवा इकामा कधी संपतो. कार्डावर पुढच्या वर्षाची तारीख दिसली की घरचा माणूस निश्चिंत होतो. घराचे बांधकाम, बहिणीचे लग्न, आईचे आजारपण, जमिनीचा वाटा अशा कामांत महिने निघून जातात. मग परतीच्या दिवशी विमानतळावर कर्मचारी संगणकात पाहून सांगतो, "तुमचा व्हिसा चालत नाही." प्रवासी कार्ड पुढे करतो. कार्डावरची तारीख खरोखरच बाकी असते. तरीही त्याचे म्हणणे ऐकले जात नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असते.

याचे कारण असे की रहिवासी परवान्याला दोन मुदती असतात. पहिली कार्डावर छापलेली असते. दुसरी कुठेही छापलेली नसते. ती त्या देशातून बाहेर पडल्याच्या दिवसापासून सुरू होते आणि पुन्हा प्रवेश केल्यावर थांबते. या दोहोंपैकी जी आधी संपेल तिच्याबरोबर परवानाही संपतो. ही दुसरी मुदत ध्यानात न घेतल्यामुळे नोकरी गमावण्याची पाळी येते, म्हणून तिची माहिती प्रत्येक घरात असणे आवश्यक आहे.

हा नियम का आहे?

आखाती सरकारांच्या लेखी आपण सर्वजण परदेशी पासपोर्टधारक आहोत. वीस वर्षे तेथे काढली तरी त्यात फरक पडत नाही. आपला परवाना नागरिकत्वासारखा कायमचा नसतो. तो नोकरी, व्यवसाय किंवा कुटुंबप्रमुख यांपैकी कोणत्या तरी कारणाशी बांधलेला असतो. ते कारण चालू आहे याची खूण म्हणजे त्या माणसाचे प्रत्यक्ष वास्तव्य. जो सहा महिने फिरकलाच नाही, त्याला तेथे राहण्याची गरज उरलेली नाही, असे सरकार धरून चालते. परवाना म्हणजे येण्याजाण्याचा खुला पास नसून राहण्याची परवानगी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नियमामागचा हेतू समजतो.

संयुक्त अरब अमिराती : १८० दिवस

दुबई, अबूधाबी, शारजा आदी सात अमिरातींत सामान्य नोकरी-व्हिसा किंवा फॅमिली व्हिसा असलेला माणूस सलग सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिला, तर त्याचा परवाना आपोआप रद्दबातल होतो. त्यासाठी नोटीस येत नाही आणि मालकानेही काही करावे लागत नाही. पूर्वी पासपोर्टवर व्हिसाचा कागद चिकटवत असत. २०२२ पासून ती पद्धत बंद झाली व एमिरेट्स आयडी हाच वास्तव्याचा पुरावा ठरला. त्यामुळे हाती असलेले कार्ड पाहून परवाना जिवंत आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नाही. ते सरकारी संगणकातच कळते.

या नियमाला काही अपवाद आहेत. अमिराती नागरिकाची परदेशी पत्नी, परदेशी विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी, सरकारी खात्याने प्रशिक्षणासाठी वा उपचारासाठी बाहेर पाठविलेले कर्मचारी, तसेच नागरिकांबरोबर परदेशी गेलेले घरकामगार यांचा त्यात समावेश होतो. मात्र अपवाद कागदपत्रांनिशी सिद्ध करावा लागतो. गोल्डन व्हिसाधारकाला सहा महिन्यांची अट लागू नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या व ऑक्टोबर २०२२ च्या नियमांनी विस्तारलेल्या या योजनेत दहा वर्षांचा परवाना मिळतो. किमान २० लाख दिरहमची मालमत्ता घेणारे, तसेच विशिष्ट पात्रतेचे डॉक्टर, शास्त्रज्ञ, उच्चशिक्षित व्यावसायिक इत्यादी त्यास पात्र ठरतात. आपल्याकडील बहुसंख्य नोकरदार या वर्गात मोडत नाहीत.

मुदत उलटून गेली तर काय? जानेवारी २०२३ पासून यावर एक उपाय उपलब्ध झाला. बाहेर असतानाच, उशिराचे सबळ कारण व पुरावा देऊन, परत येण्याच्या परवानगीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. सहा महिन्यांनंतरच्या प्रत्येक ३० दिवसांना किंवा त्याच्या भागाला १०० दिरहम दंड पडतो. म्हणजे १८० दिवसांवर ७५ दिवस जास्त झाले तर तीन हप्त्यांचे ३०० दिरहम. मंजुरी मिळाल्यापासून ३० दिवसांत देशात प्रवेश केला पाहिजे. कार्डावरची मूळ मुदतही शिल्लक असावी लागते. तीही संपली असेल तर हा मार्ग बंद होतो. दुबईचा व्हिसा असलेल्यांनी दुबईच्या रहिवास खात्याकडे आणि इतर अमिरातींच्या रहिवाशांनी संघीय प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. परवानगी देणे न देणे सर्वस्वी खात्याच्या हाती आहे. म्हणून "थोडा दंड भरू आणि जाऊ" असा हिशेब आधीपासून धरून बसणे शहाणपणाचे नव्हे.

दिवस कसे मोजावेत?

येथे पुष्कळांची गल्लत होते. सहा महिने आणि १८० दिवस हे एकच नव्हेत. समजा, एखादा इसम ५ जानेवारीस दुबईहून निघाला. लीप वर्ष नसेल तर त्याचे १८० दिवस ४ जुलैला भरतात. दुसरा १० ऑगस्टला निघाला, तर त्याचे १८० दिवस ६ फेब्रुवारीलाच भरतात. महिन्यांच्या हिशेबाने तो १० फेब्रुवारी धरून तिकीट काढेल तर चार दिवसांची चूक होईल. म्हणून बोटांवर महिने मोजू नयेत, कॅलेंडरवर दिवस मोजावेत. त्यातही किमान दहा दिवस हाती राखावेत. विमान रद्द होणे, ताप येणे, पासपोर्ट गहाळ होणे या गोष्टी सांगून येत नाहीत.

दुसरी गोष्ट अशी की हे दिवस सलग मोजले जातात. मध्ये एकदा देशात प्रवेश झाला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्यामुळे काम लांबणार असे दिसले तर चौथ्या-पाचव्या महिन्यात दोन दिवसांसाठी जाऊन येणे हा कायदेशीर मार्ग आहे. जाण्यायेण्याचे तिकीट महाग वाटले, तरी नव्या व्हिसाच्या खर्चापुढे आणि खटाटोपापुढे ते स्वस्तच पडते.

सौदी अरेबिया : सहा महिने नव्हे, परतीच्या व्हिसाची तारीख

दुबईचा नियम ऐकून सौदीचा माणूसही सहा महिने धरून बसतो, ही मोठी चूक आहे. सौदीत इकामा असला तरी तो घेऊन नुसते बाहेर पडता येत नाही. एग्झिट-रीएंट्री, म्हणजे अरबीतील खुरूज व औदा, हा व्हिसा घ्यावा लागतो. एका फेरीसाठी पहिल्या दोन महिन्यांना २०० रियाल व पुढील दर महिन्याला १०० रियाल अशी फी ठरलेली आहे. अनेक फेऱ्यांसाठी पहिल्या तीन महिन्यांना ५०० रियाल व पुढील दर महिन्याला २०० रियाल पडतात. या व्हिसावर जितके दिवस दिले असतील तितकेच दिवस बाहेर राहता येते. इकामा वर्षभराचा असला तरीही.

व्हिसावरील शब्द नीट वाचावेत. त्यावर मुदत दिवसांत दिली असेल तर ती देशाबाहेर पडल्याच्या दिवसापासून मोजतात. "अमुक तारखेपूर्वी परत यावे" असे लिहिलेले असेल तर ती तारीखच अखेरची. मग तुम्ही उशिरा निघाला असाल तरी सुट्टीचे दिवस वाढत नाहीत. इकामा व परतीचा व्हिसा या दोन्हींची मुदत परतीच्या दिवशी चालू असली पाहिजे. बाहेर असताना मुदत वाढविण्याची सोय ऑनलाइन आहे. ती नोकरदारासाठी मालकामार्फत आणि कुटुंबासाठी कुटुंबप्रमुखाच्या खात्यातून होते. मार्च २०२१ मध्ये अमलात आलेल्या कामगार सुधारणांमुळे नोकरदाराला परतीचा व्हिसा स्वतःही काढता येतो व मालकाला त्याची सूचना जाते.

सौदीतील कुटुंबवाल्यांनी आणखी एक खर्च ध्यानात ठेवावा. जुलै २०१७ मध्ये प्रत्येक अवलंबितावर दरमहा १०० रियाल शुल्क सुरू झाले व २०२० पर्यंत ते ४०० रियालवर गेले. पत्नी व दोन मुले असतील तर वर्षाचे १४,४०० रियाल होतात. कुटुंब गावीच राहणार आणि इकामा मात्र जिवंत ठेवायचा, असा विचार असेल तर आधी हा हिशेब मांडावा. मोठ्या व्यावसायिकांसाठी २०१९ पासून प्रीमियम रेसिडेन्सीची योजना आहे. तीत परतीच्या व्हिसाची गरज राहत नाही, परंतु कायम परवान्याची रक्कम आठ लाख रियाल आहे.

कुवेत व कतार

कुवेतमध्येही सहा महिन्यांची मर्यादा आहे. कोविडच्या काळात ती स्थगित होती, २०२२ पासून ती टप्प्याटप्प्याने पुन्हा लागू झाली. २०२४ च्या नव्या रहिवास कायद्याने घरकामगारांसाठी ही मर्यादा चार महिन्यांवर आणली आहे. घरकामासाठी किंवा ड्रायव्हर म्हणून कलम २० खाली गेलेल्यांनी हा बदल जरूर लक्षात ठेवावा, कारण जुना माणूस त्यांना अजून सहा महिनेच सांगेल. याशिवाय १ जुलै २०२५ पासून कलम १८ खालील खासगी नोकरदाराला देश सोडण्यापूर्वी मालकाच्या संमतीने बाहेर जाण्याचा परवाना घ्यावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो. तिकीट काढण्यापूर्वी तो हाती असावा.

कतारमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहावयाचे असेल तर निघण्यापूर्वी, अथवा निघाल्यापासून एक वर्षाच्या आत, संबंधित खात्याची परवानगी घेणे बंधनकारक आहे. म्हणजे मुदत उलटली तरी वर्षभरात अर्जाला वाव आहे. मात्र येथेही मंजुरी ही सवलत आहे, हक्क नव्हे.

सरकारची मुदत ही मालकाची सुट्टी नव्हे

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा आहे. सरकार सहा महिने बाहेर राहू देते, म्हणून नोकरीही सहा महिने सुरक्षित राहते असे नाही. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार एक वर्ष सेवा झालेल्यास वर्षाला ३० दिवसांची सुट्टी मिळते. योग्य कारणाशिवाय सलग सात दिवसांहून अधिक किंवा वर्षात वीस दिवसांहून अधिक गैरहजर राहणाऱ्यास मालक नोटीस न देता काढू शकतो. सौदीत सलग पंधरा दिवसांहून अधिक किंवा वर्षात तीस दिवसांहून अधिक गैरहजेरी झाली तर लेखी ताकीद देऊन काढता येते, आणि सेवासमाप्तीची रक्कमही धोक्यात येते. अमिरातीत ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचे व त्यापुढे ३० दिवसांचे मूळ वेतन अशी धरतात, आणि बिनपगारी गैरहजेरीचे दिवस त्यातून वजा होतात.

म्हणून रजा वाढवायची असेल तर ती लेखी मागावी आणि होकारही लेखी घ्यावा. "फोनवर साहेब हो म्हणाले" हे कामगार न्यायालयात उपयोगी पडत नाही. मालकाशी संबंध चांगले असले तरी व्यवस्थापक बदलतो, कंपनी विकली जाते. कागद मात्र राहतो.

कुटुंबाचे प्रश्न

कुटुंबप्रमुखाचा परवाना गेला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या पत्नी व मुलांचे परवानेही टिकत नाहीत. शाळेच्या मध्यावर मुलांना उठवून आणण्याची वेळ येते. कुटुंबप्रमुख येथे आणि बायकामुले तेथे, अशी स्थिती असेल तर त्याने दिवसांबाबत दुप्पट दक्ष राहिले पाहिजे.

बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या मुलींचा हिशेब तर आधीच मांडावा. गरोदरपणाचे ४० आठवडे धरले आणि ती २८ आठवडे पूर्ण झाल्यावर आली, तर बाळंतपणापर्यंत ८४ दिवस व त्यानंतरचे चाळीस दिवस मिळून १२४ दिवस होतात. जन्मदाखला, बाळाचा पासपोर्ट आणि बाळाचा व्हिसा यांसाठी ५६ दिवस उरतात. तीच मुलगी विसाव्या आठवड्यात आली तर १४० अधिक ४० मिळून १८० दिवस तेथेच संपतात आणि बाळाच्या कागदांना एकही दिवस राहत नाही. उलट फार उशीरही करता येत नाही, कारण ३६ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या गरोदर महिलेला नेत नाहीत. आईचा परवाना रद्द झाला तर बाळाचा व्हिसाही अडतो. तेव्हा येण्याची तारीख ठरविताना डॉक्टरांच्या सल्ल्याबरोबर हा हिशेबही डोळ्यांसमोर असावा.

दुकानदार व भागीदार

दुबई किंवा शारजात दुकान, गॅरेज वा ट्रेडिंग लायसन्स असलेले आपले कित्येक व्यापारी स्वतः गावी राहून धंदा भागीदारावर वा नातेवाइकावर सोपवितात. धंदा चालू आहे, भाडे भरलेले आहे, म्हणून आपला व्हिसाही चालू आहे असे ते समजतात. धंद्याचे लायसन्स आणि मालकाचा रहिवासी परवाना हे वेगवेगळे कागद आहेत. लायसन्स जिवंत असूनही परवाना रद्द होऊ शकतो. मग बँकेतील व्यवहार, चेकवरील सह्या, कामगारांचे पगार या साऱ्यांत अडथळा येतो. भागीदार व्हिसावर असलेल्यांनीही १८० दिवसांचीच मर्यादा पाळून चालावे. अधिक काळ बाहेर राहावे लागणार असेल तर विश्वासू माणसाच्या नावे ठरावीक कामांपुरते मुखत्यारपत्र करून ठेवावे.

कोविडचा धडा

१९ मार्च २०२० रोजी अमिरातीने वैध परवाना असलेल्यांचाही प्रवेश थांबविला. त्यानंतर चार दिवसांतच भारताची नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा बंद झाली. ती पूर्ववत सुरू होण्यास २७ मार्च २०२२ उजाडावे लागले. मधल्या काळात खास विमाने सुटत होती, पण आठ-पंधरा दिवसांच्या रजेवर आलेले असंख्य लोक महिनोन्‌महिने गावात अडकले. आखाती सरकारांनी तेव्हा मुदती वाढविल्या व सवलतीही दिल्या. परंतु त्या सवलती तात्पुरत्या होत्या. आज कोणी "मागच्या वेळी वर्षभराने गेलो तरी सोडले होते" असे सांगत असेल तर ते त्या काळापुरते खरे आहे. त्यावर विसंबू नये.

भारतातील दिवसांचा दुसरा हिशेब

आखाती सरकार बाहेरचे दिवस सलग मोजते. भारताचे आयकर खाते मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षातील भारतातले सर्व दिवस एकत्र मोजते. परदेशी राहणारा भारतीय नागरिक येथे भेटीवर येऊन वर्षात १८२ दिवस किंवा अधिक राहिला तर तो करासाठी भारतातील रहिवासी ठरू शकतो. ज्याचे भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे, त्याच्यासाठी २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून मर्यादा १२० दिवसांची आहे. त्यात मागील चार वर्षांतील ३६५ दिवसांची अटही पाहिली जाते.

वरचीच दोन उदाहरणे घेऊ. येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले, तर ५ जानेवारी ते ४ जुलै ही सुट्टी दोन आर्थिक वर्षांत विभागली जाते. पहिल्यात ८६ दिवस, दुसऱ्यात ९५. दुसऱ्या इसमाची १० ऑगस्ट ते ६ फेब्रुवारी ही तितकीच सुट्टी मात्र एकाच वर्षात पडते आणि १८१ दिवस होतात. त्याच वर्षी तो आधी एका लग्नासाठी दोन दिवस येऊन गेला असेल तर १८२ ची रेषा ओलांडली! दुबईचा व्हिसा वाचला, पण येथे कराचा प्रश्न उभा राहिला. म्हणून दीर्घ सुट्टीपूर्वी दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडावेत व गरज भासल्यास कर सल्लागारास विचारावे.

निघण्यापूर्वी व आल्यावर

१) देश सोडल्याची तारीख वहीत लिहावी व अखेरचा दिवस त्याच वेळी काढून ठेवावा. घरातील आणखी एकाला तो माहीत असावा.
२) पासपोर्टची मुदत पाहावी. परतीच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक असाव्यात. विमान कंपन्या याकडे काटेकोरपणे पाहतात.
३) परतीचे तिकीट काढण्यापूर्वी परवान्याची स्थिती सरकारी संकेतस्थळावर किंवा ॲपवर तपासावी. सौदीत अब्शर, कुवेतमध्ये सहल, कतारमध्ये मेतराश यांवर ती दिसते.
४) आजारपणामुळे उशीर होत असेल तर इस्पितळाचे कागद तारखांसह जपून ठेवावेत. मुदत संपण्यापूर्वीच मालकाला व खात्याला कळवावे.
५) "पैसे द्या, व्हिसा जिवंत करून देतो" म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. संकेतस्थळावर रद्द दिसणारा परवाना कोणताही एजंट जिवंत करू शकत नाही.
६) नियम बदलत असतात. मित्राचा अनुभव ऐकावा, पण निर्णय घेताना त्या देशाच्या खात्याचा चालू नियमच पाहावा.

परवाना एकदा रद्द झाला की नव्याने सर्व काही सुरू करावे लागते. प्रवेश परवाना, वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, नवे कार्ड आणि त्याआधी त्याच मालकाची पुन्हा घेण्याची तयारी. पन्नाशीला आलेल्या माणसाला ती दारे पुन्हा तितक्याच सहज उघडत नाहीत. कित्येक वर्षांच्या कष्टाने मिळविलेली रोजी दिवसांच्या चुकीच्या मोजणीमुळे हातची जाऊ नये. त्याला खर्च काहीच नाही. एक कॅलेंडर, एक पेन आणि निघाल्याच्या दिवशी मारलेली एक खूण एवढेच पुरेसे आहे.